आमटी पातळ करू नका, आधी वही घाला

एका ताईंनी विचारलंय: "पुण्यात राहतो. घरात पाच माणसं. आम्ही दोघं नोकरी करतो, मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची, आणि सासूबाई, त्यांना मधुमेह आहे. खाण्यापिण्यावर महिन्याला २४ हजार जात होते. घराचा हप्ता वाढला, म्हणून ते १६ हजारांत बसवायचेत. दोन महिने झाले, दूध दीड लिटरचं एक लिटर केलं, आमटी पातळ केली, फळं जवळजवळ बंद केली. तरी खर्च २२ हजारांच्या खाली येत नाही आणि मुलं सारखी भूक भूक करतात. काय चुकतंय?"

ताई, मी पेठेत २१ वर्षं विद्यार्थ्यांची खानावळ चालवली. साठ-सत्तर मुलं दोन वेळा जेवायची. महिन्याचे पैसे आधीच ठरलेले, आणि ताटावरून कुणी अर्धपोटी उठायला नको. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा आहे. आणि तो वाचून वाईटही वाटलं, कारण तुम्ही दोन महिने कष्टाने काटकसर केलीत, पण ती नेमकी नको त्या जागी झाली.

तुमचे दोन हजार कुठून वाचले ते बघा. अर्धा लिटर दूध कमी, म्हणजे महिन्याला साधारण ९५० रुपये. फळं बंद, म्हणजे हजारभर. डाळीचे थोडे. झाले दोन हजार. म्हणजे घरातलं सगळ्यात कसदार तेच तुम्ही काढून टाकलंत आणि बाकीचे २२ हजार जसेच्या तसे राहिले. वाढत्या वयाच्या मुलांना भूक लागणारच. आणि भुकेलं मूल संध्याकाळी बिस्किटांचा पुडा फोडतं, तो खर्च परत तुमच्याच खात्यावर.

खर्च कमी कसा करायचा, हा नंतरचा प्रश्न झाला. त्याच्या आधी एक पाहायला हवं: पाच माणसांनी पोटभर आणि चांगलं खाल्लं तर मुळात लागतात किती? ही बेरीज फारसं कुणी करत नाही. आपण करून पाहू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० उष्मांकांचं दिवसभराचं ताट मांडलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. तुमच्या मुलाला याहून बरंच जास्त लागेल, सासूबाईंना आणि लेकीला कमी. ढोबळ हिशोबाला पाच ताटं धरली तरी चालतात.

महिन्याचं धान्य होतं साडेसदतीस किलो. गहू, ज्वारी, तांदूळ मिळून सरासरी ४८ रुपये किलो धरा, १,८०० झाले. कडधान्यं आणि डाळी पावणेतेरा किलो, १२० च्या सरासरीने साडेपंधराशे. दूध रोज दीड लिटर, ६४ रुपयांनी २,९००. भाजी रोज दोन किलो, ४५ रुपयांनी २,७००. फळं १५ किलो, ७० रुपयांनी १,०५०. शेंगदाणे, तीळ, जवस पाच किलोच्या वर, ८००. तेल साडेचार लिटर, ७२०. वर साठ अंडी घाला, ४२०. चहा, साखर, गूळ, मीठ, मसाले यांना १,२००. बेरीज १३ हजारांच्या आसपास.

हे भाव मी जिथे घेते तिथले आहेत, आणि आज-उद्या बदलतील. तुमच्याकडे भाजी महाग असेल, दूध दुसऱ्या डेअरीचं असेल. म्हणून हजार-दीड हजार वर धरा. तरी साडेचौदा. आणि या साडेचौदात फळं आहेत, दीड लिटर दूध आहे, घट्ट वरण आहे. तुमच्या १६ हजारांतून रविवारच्या चिकनलासुद्धा पैसे उरतात. म्हणजे १६ हजारांचं उद्दिष्ट उपासमारीचं नाही. तुमचे सात-आठ हजार ताटाच्या बाहेर चाललेत, आणि ते कुठे जातात हे तुम्हाला अजून दिसलेलं नाही.

ते दिसायला वही लागते. मोबाईलवर लिहा, पण वही ओट्याजवळ असली की घरातले सगळे लिहितात, असा माझा अनुभव. पाच रकाने पुरे. किराणा. दूध-भाजी-फळं-अंडी. कोरडा खाऊ, म्हणजे बिस्किटं, खारी, फरसाण, वेफर्स, नूडल्स, सॉस, थंड पेयं, चॉकलेटं, पाकिटातलं जे जे ते सगळं. बाहेरचं, यात मागवलेलं जेवण, ऑफिसातला वडापाव, मुलांचं कॅन्टीन. आणि पाचवा रकाना टाकलेल्याचा: अर्धी जुडी मेथी, वाडगाभर भात, बुरशी आलेला पाव, जे फेकलं त्याची अंदाजे किंमत.

माझ्या भाचीच्या घरी चार माणसं, खर्च २१ हजार. ती शपथेवर सांगायची की आम्ही बाहेरचं खातच नाही. महिनाभर लिहिलं तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याची बेरीज साडेसात हजार निघाली. खोटं ती बोलत नव्हती. हॉटेलात जाऊन बसले ते दिवस तिने मोजले होते. दहा मिनिटांत घरपोच आलेलं, संध्याकाळी कोपऱ्यावरून आणलेलं, आणि पोहोचवण्याचे वेगळे लागलेले पैसे तिच्या मोजणीत कधी आलेच नव्हते. शिवाय अशा मागवण्यात कोथिंबीर हवी असते एक जुडी, आणि मोफत पोहोचावी म्हणून आपण वर दोनशेचं काहीबाही घालतो.

बाहेरून मागवण्याबद्दल मला थोडं जास्त सांगायचंय, कारण तुम्ही दोघं नोकरी करता. बहुतेक घरांत जेवण मागवलं जातं ते जिभेच्या लाडासाठी नाही. रात्रीचे आठ वाजलेले असतात, दोघंही दमलेले, फ्रिज उघडला तर अख्खा फ्लॉवर आणि कच्ची डाळ. यावर "मन घट्ट करा" असं सांगून उपयोग होत नाही. खानावळीत आम्ही संध्याकाळी सहाला स्वयंपाक सुरू करत नसू. सहाला आम्ही फक्त जोडत असू. कांदा चिरलेला, वाटण तयार, मटकीला मोड आलेले, कणीक भिजलेली. घरातही तेवढंच लागतं. रविवारी तासभर दोघांनी मिळून कांदा-खोबरं भाजून वाटण करा, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. आलं-लसूण वाटून ठेवा. एक कडधान्य कायम भिजलेलं किंवा मोडाचं असू द्या. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट डब्यात असू द्या. मग आठ वाजता घरी आलात तरी मुगाची खिचडी, पिठलं-भात, अंड्याचा रस्सा, थालीपीठ-दही यांतलं काहीही अर्ध्या तासात होतं. आठवड्यातून तीनदा मागवत असाल तर ते एकदावर येतं. बंद करायला मी सांगणार नाही. मुलांना ठरलेला एक दिवस असला की बाकीचे सहा दिवस ती कुरकुर करत नाहीत.

कोरड्या खाऊचंही तसंच. शाळेतून आलेल्या मुलाला काहीतरी तोंडात टाकायला लागतं, आणि डबे रिकामे असले तर पाकीट फुटणारच. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, भडंग, दाण्याचे किंवा डाळीचे लाडू, उकडलेलं अंडं, केळं. हे समोर दिसेल असं ठेवा आणि पाकिटं विकत आणूच नका. घरात आणून वरच्या कप्प्यात लपवली तर मुलांना ती सापडतात.

आता डाळीकडे येते. आमटी पातळ केलीत तिथे मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली, कारण डाळ ही ताटातली जवळपास सर्वांत स्वस्त ताकद आहे. मी खानावळीत भाव नेहमी दहा ग्रॅम प्रथिनांना किती रुपये असा काढायची. तुम्हीही काढा. तूरडाळ १४० रुपये किलो असेल तर दहा ग्रॅम प्रथिनं साधारण साडेसहा रुपयांना पडतात. मटकी १२० ने पाच रुपयांना. शेंगदाणे १५० ने सहा रुपयांना. अंडं सात रुपयांना आणि त्यात सहा ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमला बारा रुपये. दूध १९ रुपये. पनीर ४०० ने बावीस. पनीर वाईट नाही, पण "मुलांना प्रथिनं हवीत" म्हणून आठवड्यातून दोनदा पनीर आणणाऱ्या घरात तेवढ्याच पैशांत चौपट प्रथिनांची उसळ होते. दुधाचं मात्र नुसतं प्रथिनांवर मोजू नका. मुलांच्या हाडांना त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतो. ते दीड लिटरवर परत न्या. दूध म्हशीचं असेल तर साय साठवा. आमच्याकडे दीड लिटरच्या सायीचं दहा दिवसांत पाव किलोहून थोडं जास्त तूप निघतं, आणि ताक वेगळं. विकतचं तूप बंद होतं.

तूर महागली की आम्ही तिच्यात मसूर किंवा मूग मिसळायचो, अर्धी-अर्धी. गोडा मसाला आणि आमसूल असलं की कुणाला कळतही नसे. कुळीथ, चवळी, वाल, मटकी आलटून-पालटून. मोड आणल्याने प्रथिनं वाढतात अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. पण मोडाने क जीवनसत्त्व वाढतं, पचायला हलकं होतं आणि गॅस कमी लागतो.

भाजीत पैसे दोन ठिकाणी जातात, दरात आणि कचऱ्यात. दराचं सगळ्यांना माहीत असतं. आठवडी बाजार, सकाळी लवकर नाहीतर रात्री उशिरा, आणि हंगामाचं घ्यायचं. थंडीत मटार, गाजर, मेथी, पालक, टोमॅटो हवे तेवढे खा. पावसाळ्यात पालेभाजी महाग असते आणि चिखलाने भरलेली असते, तेव्हा उसळी, पिठलं, सांडग्यांची आमटी, दुधी, भोपळा. आपल्याकडे वाळवणं केली जात त्यामागे हाच हिशोब होता.

कचऱ्याचा हिशोब मात्र मी खानावळीच्या तिसऱ्या वर्षी शिकले. खर्च हाताबाहेर चालला होता, काही केल्या कळेना. मग रोज रात्री उरलेल्या अन्नाची बादली वजनकाट्यावर ठेवायला लागले. पहिल्या आठवड्यात रोजचं सरासरी सहा किलो. दुसऱ्या महिन्यात ते दोन किलोंवर आलं, आणि मी केलं काय, तर भात दोन टप्प्यांत लावला आणि भाजी वाढणाऱ्या मावशींच्या हातात छोटा डाव दिला. एवढंच. दर कमी करायला मी मार्केट यार्डात घासाघीस करत फिरत होते, आणि पैसे माझ्याच मोरीजवळ पडले होते.

घरी वजनकाटा नको, क्रम पुरे. भाजी आणल्यावर आधी पालेभाजी संपवायची, दोन दिवसांत. मग भेंडी, गवार, वांगी. मग फ्लॉवर, कोबी. दुधी, भोपळा, सुरण, गाजर शेवटी. आठवड्याची एकदम आणण्यापेक्षा दोनदा आणा. मेथी-कोथिंबीर न धुता, निवडून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. धुऊन ठेवली की सडते. आणि पाव-पाव किलो आठ भाज्या आणू नका. चारच आणा, पण प्रत्येक जास्त. पाव किलो भाजी पाच जणांना पुरत नाही, मग ती तशीच पडून राहते.

उरलेल्यासाठी आपल्या स्वयंपाकात जागा आधीच आहे. पोळ्यांचा कुस्करा, भाताला फोडणी, वरणात वरणफळं, उरलेली भाजी थालीपिठात. फक्त भाताची काळजी घ्या. तो ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी परतणं धोक्याचं आहे. जेवण झालं की पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा.

तेलाबद्दल थोडक्यात. पाच माणसांना महिन्याला साडेचार लिटर पुष्कळ झालं. तुमच्याकडे सहा-सात लागत असेल तर ओतायची बरणी बदला आणि फोडणीला चमचा वापरा. पिशवी घेताना वजन वाचा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. शेजारी तशाच दिसणाऱ्या पिशवीवर ८५० किंवा ८०० ग्रॅम लिहिलेलं असतं आणि ती पाच-दहा रुपयांनी स्वस्त दिसते. डब्याचंही तेच. १५ लिटरचा आणि १५ किलोचा डबा यांत सव्वा किलोहून जास्त फरक आहे.

वर्षाचं धान्य भरावं का, हे मात्र तुमच्या जागेवर आणि हातातल्या पैशांवर आहे. हप्ता वाढलाय म्हणता, तर एकरकमी पंधरा-वीस हजार धान्यात अडकवू नका. गव्हात तसेही किलोमागे थोडेच रुपये सुटतात. फरक पडतो तो तूरडाळीत आणि मिरची-मसाल्यात. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेव्हा सहा महिन्यांची डाळ घेतली तर पावसाळ्यात तुम्हाला बरं वाटेल. मी एका वर्षी लोभाने ५० किलो घेतली, ऊन न दाखवता भरली आणि श्रावणात डबा उघडला तर निम्मी भुंग्यांनी खाल्लेली. तेव्हापासून किलोला चमचाभर एरंडेल चोळल्याशिवाय आणि डबा कोरडा असल्याची खात्री केल्याशिवाय मी डाळ भरत नाही. कांद्याचंही वर्ष बघून ठरवा. एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदा हवेशीर जागी पसरून ठेवला तर चार-पाच महिने टिकतो, थंडीतला लाल कांदा टिकत नाही. फ्लॅटमध्ये कोरडी बाल्कनी असेल तर २० किलो घ्या, नसेल तर सोडून द्या.

फळं परत सुरू करा. पेरू, पपई, केळी, चिकू, बोरं. बाहेरदेशच्या सफरचंदांत आणि किवीत असं फारसं काही नाही जे पेरूत मिळणार नाही, उलट क जीवनसत्त्व पेरूतच भरपूर असतं.

सासूबाईंचं वेगळं सांगते. मधुमेह आहे म्हणून घरात खास बिस्किटं, खास पीठ, साखर नसलेली मिठाई येत असेल तर वहीत त्यांच्यासमोर वेगळी खूण करा. ही पाकिटं साध्यापेक्षा महाग असतात आणि बिस्किट बऱ्याचदा शेवटी मैद्याचंच असतं. त्यांना दोन पोळ्यांऐवजी एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ आणि भरपूर भाजी, असं ताट बसतं का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. भाकरीने साखर वाढत नाही असं समजून तीन खाल्ल्या तर वाढणारच. औषधांची मात्रा ताटावर ठरलेली असते, त्यामुळे बदल विचारूनच करा. आणि जमलं तर वही त्यांच्याकडेच द्या. दिवसभर घरात त्या असतात, काय आलं आणि काय फेकलं हे त्यांनाच खरं माहीत असतं.

आता लगेच काय करायचं ते. पुढच्या पहिल्या तारखेपासून दूध, डाळ आणि फळं पूर्ववत करा आणि त्या महिन्यात दुसरं काहीही कापू नका, फक्त लिहा. खर्च परत २४ हजारांना भिडेल. घाबरू नका, तो महिना पाहण्यासाठी आहे. दुसऱ्या महिन्यात एकच गोष्ट हातात घ्या, रविवारची तयारी. तिसऱ्या महिन्यात कोरडा खाऊ. सगळं एकदम केलंत तर दोन आठवड्यांत दमाल. पहिला महिना संपला की तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रकान्याची बेरीज मला कळवा. तुमच्या घरात नेमकं कुठून सुरुवात करायची ते त्या तीन आकड्यांवरून सांगता येईल.